मृत सैनिकांच्या कुटुंबांचे अर्थसाहाय्य (भारत)

सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या वारसांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, एकरकमी सानुग्रह अनुदान, विमा, उपदान आणि शैक्षणिक सवलती यांची एकत्रित व्यवस्था. गावोगाव हिला ‘फॅमिली पेन्शन’ एवढेच म्हणतात. प्रत्यक्षात हे निवृत्तिवेतन तीन प्रकारचे असून कोणते मिळणार हे हुद्द्याइतकेच मृत्यूच्या कारणावर ठरते.

संरक्षण मंत्रालयाच्या 2001 च्या आदेशाने मृत्यूचे पाच गट पाडले. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू आल्यास साधे निवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे जडलेला वा बळावलेला आजार किंवा कर्तव्यावरील अपघात असेल, तर विशेष, आणि शत्रूची कारवाई, दहशतवादी हल्ला, सीमेवरील चकमक यांत मृत्यू झाल्यास उदारीकृत. समजा, एखाद्या शिपायाचे मूळ वेतन 30,000 आणि सैनिकी सेवा वेतन 5,200, म्हणजे एकूण 35,200 रुपये होते. उदारीकृत प्रकारात पत्नीला ही पूर्ण रक्कम मिळते. विशेष प्रकारात 60 टक्के, म्हणजे 21,120. साध्या प्रकारात पहिली दहा वर्षे निम्मी, म्हणजे 17,600, आणि पुढे 30 टक्के, म्हणजे 10,560. महागाई भत्ता सर्वांवर वेगळा. सुट्टीत गावी दुचाकीवरून पडून गेलेला जवान बहुधा साध्या गटात जातो. तोच सुट्टी संपवून युनिटकडे परतताना वाटेत दगावला, तर विशेष गटाचा दावा उभा राहू शकतो. म्हणून चौकशीच्या कागदातील ‘कर्तव्यावर’ हा एक शब्द घराला वर्षानुवर्षे पुरतो किंवा नडतो. गट चुकीचा वाटल्यास सेनेकडे अपील करता येते आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

चौकातल्या फलकावर ‘शहीद’ लिहिले जाते, पण निवृत्तिवेतनाच्या नियमांत हा शब्द नाही. त्याची अधिकृत व्याख्या नसल्याचे सरकारने संसदेत अनेकदा सांगितले आहे.

1 जानेवारी 2016 पासूनच्या मृत्यूंसाठी केंद्राचे सानुग्रह अनुदान असे आहे : कर्तव्यावरील अपघात किंवा दहशतवादी हिंसेत 25 लाख, सीमेवरील चकमकीत 35 लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईत 45 लाख रुपये. राज्य शासन आपले अनुदान स्वतंत्रपणे देते. 1976 मध्ये सुरू झालेल्या आर्मी ग्रुप इन्शुरन्समध्ये जवानाच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते आणि मृत्यूनंतर रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला मिळते. युद्धबाधितांच्या कल्याण निधीतील मदत 2019 मध्ये 2 लाखांवरून 8 लाखांवर गेली.

अडचण पैशांच्या तरतुदीपेक्षा कागदांत जास्त असते. जवानाचे लग्न आणि मुलांचे जन्म ‘पार्ट टू ऑर्डर’ने त्याच्या नोंदीत चढावे लागतात. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी हे काम बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात चालते, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर येथे. महाराष्ट्रातील घरांत एक घोटाळा हमखास होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पत्नीचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर तिसरेच, आणि पलटणीतल्या कारकुनाने इंग्रजीत लिहिताना आडनावाचे एक अक्षर गाळलेले. ही नावे जुळेपर्यंत तलाठी, ग्रामसेवक आणि प्रतिज्ञापत्राचा स्टँप पेपर अशा फेऱ्या चालू राहतात, त्याही दिवसकार्याच्या आठवड्यात. दुसरा घोटाळा नामनिर्देशनाचा. भरतीच्या वेळी लिहिलेले आईचे नाव लग्नानंतर बदलायचे राहून जाते. मग विमा वीरमातेकडे, निवृत्तिवेतन वीरपत्नीकडे आणि घरात अबोला, असे घडते. नामनिर्देशनात दोघींचे वाटे टक्केवारीने लिहून ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय, आणि तो जवानालाच सुट्टीत, धडधाकट असताना करावा लागतो.

रक्कम जमा झाल्याची वार्ता गावात लपत नाही; जमिनीचे दलाल आणि विमा एजंट लवकरच ओसरीवर येतात. पहिले काही महिने पैसा मुदतठेवीत ठेवून कोणताही मोठा व्यवहार न करणे शहाणपणाचे. मुलगी दहा वर्षांखालील असेल तर तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. कारवाईत मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर आयकर नाही, हे कर सल्लागारालाही कधी कधी सांगावे लागते.

अर्ज आणि कागदांच्या कामी पहिले दार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात असून जिल्ह्यात कल्याण संघटक अर्ज भरून देतात. दरवर्षी 7 डिसेंबरच्या ध्वजदिनापासून जमणारा निधी माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी वापरतात. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून थेट खात्यात येते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही, तर ते थांबते.

मुलांच्या शिक्षणशुल्काच्या सरकारी परताव्यावर 2017 मध्ये दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा घातली गेली आणि ओरड झाल्यावर मार्च 2018 मध्ये ती उठली. पुनर्विवाहाचा नियम मात्र बराच काळ टिकला. शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहायचा असेल, तर विधवेने दिराशीच लग्न केलेले असावे, अशी अट होती. जमीन आणि पैसा घरातच राहावा या जुन्या रीतीला सरकारी शिक्का मिळाल्यासारखेच ते होते. ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये निघाली.

2022 च्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरांना ही रचना लागू नाही. त्यांचा 48 लाखांचा विमा असतो आणि त्याची वर्गणी त्यांना भरावी लागत नाही. सेवेमुळे मृत्यू आल्यास 44 लाख सानुग्रह अनुदान, चार वर्षांच्या सेवेपैकी उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवानिधी (सेवाकाळात साठणारी रक्कम) वारसांना मिळतो. कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही.