खाडीचें दप्तर

ज्या भूमीवर आमच्या धर्मग्रामाचें देवमंदिर उभें आहे, तिचा पूर्वेतिहास सांगण्याचा प्रसंग आला म्हणजे १९७० सालीं सिडको स्थापन झाली तेथून आरंभ करण्याची रीत पडून गेली आहे. तत्पूर्वी येथें खाजण व मिठागरें होतीं, एवढें एक वाक्य लिहून लेखक पुढें सरकतो. आमच्या मतें ही रीत न्याय्य नव्हे. शहर नवें असेल. परंतु येथील हमरस्ता फार जुना आहे, आणि तो पाण्याचा होता.

ठाण्याची खाडी व पनवेलची खाडी या जलमार्गांनीं मुंबई बेट मुख्य भूमीशीं जोडलें गेलें होतें. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटांतील गाडीरस्ता खुला केला, तेव्हां मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी प्रथम होडीनें पनवेलीस उतरे व मग घाटाची वाट धरी. भात, मीठ, गवत, लांकूड हा सर्व माल भरतीच्या पाण्यावर चाले. भरती आली कीं पडाव निघाला, ओहोटी लागली कीं चिखलांत बसला. येथें घड्याळापेक्षां तिथीची सत्ता अधिक होती. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली व पुढल्याच वर्षीं खाडी ओलांडून कल्याणास पोहोंचली. तेथून या वाहतुकीस उतरती कळा लागली. तरीहि १९७३ सालीं वाशीचा पूल होईपर्यंत खाडीकांठच्या गांवांस होडीचा आधार सुटला नव्हता.

आतां प्रश्न असा कीं, या जलमार्गाचें दप्तर आहे कोठें? एके ठिकाणीं तें नाहींच. खाडीचा इतिहास राहावा या हेतूनें कोणी कागद लिहिला नाहीं; जकात घेणाऱ्यानें जकातीसाठीं, मीठ मोजणाऱ्यानें मिठासाठीं, लढणाऱ्यानें लढाईसाठीं लिहिला. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली. सिमांव बोतेल्यु यानें १५५४ सालीं त्यांच्या मुलखाच्या उत्पन्नाचा जो तोंबु तयार केला, त्यांत वसईच्या मुलखाचाहि हिशेब आहे. गोव्याचा दप्तरखाना १५९५ सालचा असून दियोगु द कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला दप्तरदार होता. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेचीं पत्रें पुण्यास पेशवे दप्तरांत राहिलीं. त्यांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस खंडांच्या मालेंत प्रसिद्ध केले. इंग्रजी अमदानीचें दप्तर १८२१ पासून मुंबईस सांभाळलें गेलें व आज तें राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे आहे. पनवेलची माहिती पाहावी तर ती १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत. पुढें पनवेल कुलाबा जिल्ह्यांत गेलें, आणि १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. जिल्हे बदलले, खाडी मात्र होती तेथेंच राहिली. अभ्यासकास वणवण करावी लागते ती यामुळें.

दप्तर राखण्याचें काम ख्रिस्तसभेस नवें नाहीं. ट्रेंटच्या महासभेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मग्रामांत लग्नांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. १९८३ च्या कॅनन कायद्याचें ५३५ वें कलम जुन्या नोंदवह्याहि काळजीपूर्वक जतन करण्यास सांगतें. आमच्या मुंबईंतच येशूसंघीय फादर हेरास यांनीं १९२६ सालीं सेंट झेवियर कॉलेजांत इतिहास-संशोधनाची संस्था उभारली. ठाणें, वसई, उरण येथील जुन्या देवमंदिरांच्या लग्नवह्या या दृष्टीनें कोणीं चाळाव्या अशी आमची इच्छा आहे. वर कोठला व वधू कोठली हें गांववार मांडलें, तर कोणत्या गांवाची सोयरीक कोणत्या पाण्यावरून जाई तें आपोआप दिसूं लागेल.

कोणी म्हणेल, हा पंडितांचा विषय. आम्हां संसारी माणसांस त्याचें काय? यास उत्तर आहे. शेतकऱ्यास सातबारा असतो; खाडीस सातबारा नाहीं. कोळ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट पाण्यावर असते, आणि पाण्यावर ओढलेली रेघ टिकत नाहीं. ठाण्याच्या खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणीं मुंबई उच्च न्यायालयानें २०२१ सालीं मच्छीमारांचा परंपरागत हक्क मान्य करून त्यांस नुकसानभरपाई मिळाली पाहिजे असें ठरविलें. पण भरपाई घराघरांत वांटण्याची वेळ येते, तेव्हां पुरावा मागितला जातो, आणि तो बहुधा आजोबांच्या पेटींत असतो. ती पेटी घर बांधतांना कोणी भंगारवाल्यास दिली असेल तर काय करावें? विमानतळासाठीं उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला. जुना प्रवाह कोठून वाहे हें आतां नकाशाच सांगूं शकेल, किंवा ज्यांनीं तेथें जाळें टाकलें असे वृद्ध. आणि वृद्ध मंडळी फार दिवस थांबणार नाहींत.

म्हणून धर्मबंधुभगिनींनो, या ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही एक विनंती करितों. होडीचा परवाना, मिठागराची पावती, खारबांध दुरुस्तीचा करार, मच्छीमार सोसायटीचें पासबुक, भूसंपादनाची नोटीस, यांपैकीं जें कांहीं घरीं असेल तें फेकूं नये. अक्षर मोडी असल्यामुळें वाचतां येत नाहीं, एवढ्या कारणावरून तर मुळींच फेकूं नये; मोडी वाचणारे मिळतात. फाटक्या कागदास चिकटपट्टी लावूं नये, लॅमिनेशन करूं नये, प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये; आमच्या दमट हवेंत त्यास बुरशी येते. पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवीत. तसाच धुतलेला सुती कपडा घ्यावा व गठ्ठा जमिनीपासून उंच, कोरड्या जागीं ठेवावा. पावसाळा सरला कीं एकदां सोडून सावलींत वारा द्यावा.

ज्यांची इच्छा असेल त्यांनीं रविवारीं मिस्सेनंतर कागद कार्यालयांत आणावे. आम्ही त्यांचें छायाचित्र काढून, कोणाच्या घरचा व कोठल्या गांवचा एवढें वहींत टिपून, मूळ कागद तेथल्या तेथें मालकाच्या हातीं परत देऊं.