शिदोरी, डबा आणि अपपात्र

अस्पृश्य कोण, या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर भांड्यावरून दिले गेले आहे. पाणिनीने समासाच्या एका सूत्रात शूद्रांचे दोन वर्ग गृहीत धरले आहेत, निरवसित आणि अनिरवसित. दोन हजार वर्षांपूर्वी पतंजलीने महाभाष्यात त्यांतला भेद उलगडून सांगितला. ज्यांनी जेवलेले भांडे संस्कार करून पुन्हा वापरता येते ते अनिरवसित. ज्यांनी जेवलेले भांडे कोणत्याही संस्काराने शुद्ध होत नाही ते निरवसित, म्हणजे बाहेर घातलेले. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांना 'अपपात्र' म्हणतो आणि त्यांनी फुटक्या भांड्यात जेवावे असा दंडक घालतो. माणसाची जागा ठरवण्यासाठी व्याकरणकाराला आणि स्मृतिकाराला एकच कसोटी पुरली: याने खाल्ल्यावर भांडे पुन्हा वापरता येईल काय?

यंदा माझी मुलगी पहिलीत गेली आणि तिच्यासाठी डबा घ्यायचा होता. बाजारात हल्ली 'पुन्हा वापरता येणारा' हे शब्द डब्याचा मोठा गुण म्हणून सांगितले जातात. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून तर अधिकच. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण हे शब्द आपल्या कानांना वेगळे ऐकू यावेत, एवढा इतिहास आपल्या पाठीशी आहे, आणि त्यातला मोठा भाग सातारा-सांगलीच्या मातीत घडला आहे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव पहिल्या इयत्तेत दाखल झाले. 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा, त्यावर कोपऱ्यात बसायचे, संध्याकाळी तो घरी न्यायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही, हे आपण सारे जाणतो. भाषणांतून कमी सांगितली जाते ती दुपारच्या सुट्टीची हकीकत. बाबासाहेबांनी ती 'नवयुग' साप्ताहिकाच्या 1947 सालच्या विशेषांकात सांगितली आहे. मधल्या सुट्टीत हा मुलगा जेवायला घरी जाई. आंबेडकर नावाच्या शिक्षकांना ते पसंत नव्हते. ते आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी रोज त्याला देऊ लागले. देताना मात्र विटाळ होऊ नये म्हणून ती वरून हातावर टाकीत. पुढे कित्येक वर्षांनीही बाबासाहेबांनी त्या भाकरीची गोडी कृतज्ञतेने आठवली.

ही हकीकत गुरुप्रेमाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि प्रेम तिथे होतेच. ते नाकारण्याचे मला कारण नाही. पण भाकरी वरून का पडली, याचे उत्तर पतंजलीकडे आहे. गुरुजींना आपले भांडे दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचे होते. मुलाचा तळहात हेच त्याचे पात्र ठरले. प्रेम करणाऱ्या माणसालाही वीतभर अंतर मोडता आले नाही, इतकी ती व्यवस्था पक्की होती.

पुढच्याच वर्षी, 1901 साली, या मुलाने दुसरा धडा घेतला. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. भाऊ आणि भाचे यांच्यासह तो साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरला आणि दुप्पट भाडे मोजून मिळालेल्या बैलगाडीने पुढे निघाला. बरोबर खाण्याची टोपली भरलेली होती. पोटात भूक होती. तरी मुले रात्री उपाशी झोपली, कारण पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले. त्या 1990 मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. शिदोरी घरची होती, भरपूर होती, झाकलेली होती. पण शिदोरी ही एकट्याची वस्तू नसते. वाटेत पाणवठा लागतो, आणि पाणवठा गावाचा असतो.

मग भांडे कशाचे, हा प्रश्न येतो. धातू राखेने, चिंचेने, अग्नीने शुद्ध होतो. मातीचे भांडे एकदा विटाळले की टाकून द्यायचे, असा शास्त्राचा दंडक. म्हणून टाकून देण्याजोगे ते आपल्या वाट्याला आले. परिस्थिती सुधारून कोणी धातूचे भांडे घेतलेच, तर तो उद्धटपणा ठरे. गुजरातेतल्या झानू गावी 1935 च्या नोव्हेंबरात अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांना मारहाण झाली. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या 1936 च्या भाषणात बाबासाहेबांनी ती नोंदवली आहे. आमच्या वाळवा तालुक्यात असे काही घडल्याचे आजी सांगत नसे. ती सांगे ते भाकरीचे. बलुत्याची भाकरी पाटीत घ्यायची, वाढणारीने ती वरून टाकायची, दहा घरांच्या शिळ्यापाक्याचा एकच गोळा व्हायचा. 1958 च्या कायद्याने वतन गेले तेव्हा पाटीही गेली. त्यानंतर घरात आलेले पहिले धड भांडे म्हणजे जर्मनचे पातेले. ॲल्युमिनियमला आपल्याकडे खेड्यात जर्मन किंवा जर्मल म्हणतात. मद्रासेत अल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नाने 1900 च्या सुमारास या धातूची भांडी घडू लागली आणि पुढे ती गरिबाघरी पोचली. पितळेला कल्हई लागे, कल्हईला पैसे लागत. जर्मनला दोन्ही नको. आंबट कालवण ठेवले की त्याला डाग पडत, चव बिघडे. पण ते आपले होते आणि रोज घासून पुन्हा चुलीवर चढत होते. अपपात्रांच्या घरात!

माझा पहिला स्टीलचा डबा केसांवर भांडी देणाऱ्या बाईकडून आला. विंचरताना गळालेले केस आईने वर्षभर गुंडाळी करून भिंतीच्या फटीत साठवले होते. बोहारणीला द्यायला आमच्याकडे जुने कपडे नव्हते. जे होते ते अंगावर होते.

या दोन जिल्ह्यांचा इतिहास एकत्र सांगावा लागतो, कारण 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली होईपर्यंत बराच मुलूख एकाच जिल्ह्यात होता. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (जन्म 1920) त्याच जिल्ह्यातले. त्यांची शाळा दीड दिवसाची म्हणतात. डब्याचा प्रश्न उद्भवण्याआधीच ती संपली. ऐतवड्याच्या घराण्यातल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तिथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते भांडी घासणे. एकाचे उष्टे ताट धुऊन दुसऱ्यापुढे मांडणे ही गोष्ट त्या काळी सहभोजनाच्या कोणत्याही जाहीर समारंभाहून मोठी होती, कारण समारंभ एकदा होतो आणि ताटे रोज घासावी लागतात.

15 ऑगस्ट 1995 पासून शाळेत शालेय पोषण आहार आला, तो आमच्या वेळी तीन किलो तांदळाच्या रूपात. तो पिशवीतून घरी जाई, पंगत नव्हतीच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी मिळू लागली आणि माझ्या धाकट्या भावाला दप्तरात ताटली न्यावी लागली. आता राज्य शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पालकसभेत मला सांगण्यात आले की डब्यात अंडे, मासे, मटण नको, 'इतर मुलांना वास येतो'. वास हा शब्द नवा आहे. 2022 मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा दलित विद्यार्थी शिक्षकाच्या मारहाणीनंतर दगावला. माठाला हात लावल्यावरून मारले, असा कुटुंबाचा आरोप होता. तिथे जुनेच शब्द पुरले. त्या इंग्रजी शाळेत आम्ही मुलीला घातले नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. खिचडी तिथे मिळते, पण सकाळच्या छोट्या सुट्टीसाठी डबा लागतोच.

विद्यार्थ्यांचे पालक मला विचारतात म्हणून व्यवहाराचे सांगतो. प्लास्टिकात गरम कालवण घालू नये. जर्मनमध्ये आंबट ठेवू नये. पितळ शोभेचे झाले आहे. स्टील घ्यावे, 304 क्रमांकाचे असेल तर उत्तम, दर थोडा जास्त पडतो. चार बाजूंनी कड्या असलेले घट्ट झाकण सहा वर्षांच्या बोटांना उघडत नाही; मग मूल डबा तसाच परत आणते आणि आपण त्याला जेवत नाही म्हणून रागावतो. दुकानातच मुलाच्या हातात डबा द्यावा आणि उघडून बघू द्यावे.

माझी पत्नी उभट, तीन पुडांचा डबा घ्यावा म्हणत होती, त्यात कालवण सांडत नाही. मी चपटा, रुंद तोंडाचा निवडला. पहिलीतली मुले सुट्टीत अंगतपंगत करतात, आणि उभट डब्यात एकच हात जातो. दुकानदाराने नाव कोरायचे यंत्र पुढे ओढून विचारले, 'काय नाव घालू? आडनावासकट?' मुलीने माझ्याआधी उत्तर दिले, आडनावासकट. जागा कमी होती म्हणून त्याने झाकणावर नाव आणि बुडाला आडनाव कोरले. आता ती रोज डबा घासायला टाकते तेव्हा आडनाव वर असते.