रामानुजनच्या यादीतून निसटलेली संख्या

तंजावरहून कुंभकोणमला निघालात की वाटेत पापनाशम लागतं. इथलं रामलिंगस्वामी मंदिर '१०८ शिवालयम' म्हणून ओळखलं जातं. १०७ लिंगं रामाच्या पूजेची आणि १०८वं हनुमंताने आणलेलं, अशी तिथली कथा.

आता १०८ हा आकडा जरा फोडून बघा. दोनचा वर्ग गुणिले तीनचा घन. घातांकांत एकेक मिळवा, गुणाकार करा: तीन चोक बारा. म्हणजे १०८ला १२ विभाजक. पण १२ विभाजक तर ६०लाही आहेत! आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणारी संख्या, ती 'अतिविभाज्य'. ६० तशी आहे, १०८ नाही.

या संख्यांचा पाया घातला तो पापनाशमच्या शेजारच्या कुंभकोणममध्ये वाढलेल्या श्रीनिवास रामानुजनने. वडील कापडाच्या दुकानात कारकून, स्वतः कॉलेजच्या परीक्षेत नापास. हा मुलगा १९१४ साली केंब्रिजला गेला आणि १९१५मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा या विषयावरचा प्रदीर्घ निबंध छापून आला. १९१६ची केंब्रिजची पदवी त्याला याच कामावर मिळाली. अशा संख्येत २, ३, ५, ७ असे मूळ अवयव एकही न गाळता येतात, घातांक कुठेही वाढत नाहीत, आणि ४ व ३६ सोडले तर शेवटचा घातांक नेहमी १ असतो, हे त्याने सिद्ध केलं.

सोबत एक भलामोठा तक्ता होता. शेवटची संख्या ६७,४६,३२,८३,८८,८००, विभाजक १०,०८०. कॅल्क्युलेटर नाही, संगणक नाही! पण त्यात एक संख्या राहून गेली:

२,९३,३१,८६,२५,६००

म्हणजे २९,३३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६००. फोड अशी: २चा सहावा घात, ३चा चौथा, ५ आणि ७चे वर्ग, मग ११, १३, १७, १९ एकेकदा. विभाजक ७ × ५ × ३ × ३ × १६ = ५,०४०. आधीच्या अतिविभाज्य संख्येला ४,६०८, नंतरचीला ५,३७६. मध्ये ही बसायलाच हवी होती. आणि गंमत म्हणजे हिला २३ने गुणलं की त्याच्याच तक्त्यातली शेवटची संख्या मिळते!

सिद्धांताला याने धक्का लागत नाही. पण रामानुजनला सगळं देवी स्वप्नात सांगायची, अशा गोष्टी आपण फार चवीने ऐकतो. मला तर ही निसटलेली ओळ जास्त मोलाची वाटते. दिवसचे दिवस बसून आकडे मांडणारा माणूस तिच्यात दिसतो.

निबंधाचा बराच भाग तेव्हा छापलाच गेला नाही. सोसायटी पैशाच्या ओढाताणीत होती. तो भाग निकोला आणि रोबँ या गणितज्ञांच्या टिपांसह १९९७ साली प्रसिद्ध झाला.

जाता जाता: ५,०४० स्वतःही अतिविभाज्य आहे, विभाजक ६०. ६०चे १२, १२चे ६, ६चे ४. इथपर्यंत सगळ्या त्याच कुळातल्या. ४चे मात्र ३, आणि तिथे साखळी तुटते.