कोपर उड्डाणपूल (डोंबिवली) : रस्तेनियोजन आणि निधी

कोपर उड्डाणपूल : ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली शहराचा पूर्व आणि पश्चिम भाग मध्य रेल्वेच्या रुळांवरून जोडणारा रस्त्याचा पूल. तो कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत, डोंबिवली स्थानकाच्या दक्षिणेला, कोपर स्थानकाच्या बाजूस आहे. 15 सप्टेंबर 2019 रोजी तो धोकादायक ठरवून बंद करण्यात आला आणि पुनर्बांधणीनंतर 7 सप्टेंबर 2021 रोजी खुला झाला. वाढत्या शहरातील रस्त्यांचे नियोजन कोण करतो, पैसा कोणाकडून येतो आणि देखभाल कोणाच्या वाट्याला राहते, हे समजून घेण्यासाठी हा पूल ठाणे परिसरातील एक बोलके उदाहरण आहे. ठाणे शहराजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर असलेला कोपरी पूल वेगळा. नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

स्थान व परिसर : कोपर हे मूळचे खाडीकाठचे गाव. आयरे, भोपर, मोठागाव ही त्याच्या आसपासची गावे. आगरी वस्ती, भातशेती आणि रेतीचा व्यवसाय ही या पट्ट्याची जुनी ओळख. कोपर स्थानक दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यान आहे. दिवा–वसई मार्ग येथे मुख्य मार्गाच्या वरून जातो आणि त्याचे फलाट उंचावर असल्याने प्रवासी त्यांना ‘अप्पर कोपर’ म्हणतात. पुलाची पूर्वेकडील बाजू राजाजी पथाच्या परिसरात, तर पश्चिमेकडील बाजू दीनदयाळ रस्ता व कोपर रस्त्याच्या परिसरात उतरते.

पार्श्वभूमी : ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे 1 मे 1854 रोजी कल्याणपर्यंत पोचली, डोंबिवली स्थानक 1887 मध्ये सुरू झाले. शहर पुढे या स्थानकाभोवती वाढले आणि रुळांनी त्याचे दोन भाग केले. 1964 मध्ये डोंबिवलीत औद्योगिक वसाहत सुरू झाली, 1 ऑक्टोबर 1983 रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली. रूळ ओलांडण्याच्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. फाटक हा जुना उपाय होता. गाड्यांची वारंवारता वाढत गेली तसे फाटक बंद असण्याचा वेळही वाढत गेला. पूर्वेकडून पश्चिमेला वाहन घेऊन जाण्यासाठी सुमारे चार दशके डोंबिवलीकरांचा मुख्य आधार कोपर पूल हाच होता. 2018 मध्ये ठाकुर्ली येथील उड्डाणपूल सुरू झाल्यावर दुसरा पर्याय मिळाला.

बंद होण्याची कारणे : 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. 3 जुलै 2018 रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर रेल्वे, स्थानिक महापालिका आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांनी उपनगरी मार्गावरील 445 पुलांची संयुक्त तपासणी करावी, असे ठरले. कल्याणचा पत्रीपूल आणि डोंबिवलीचा कोपर पूल याच तपासणीच्या काळात धोकादायक ठरले. तपासणी सुरू असतानाच, 14 मार्च 2019 रोजी, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला आणि पुलांविषयीची सावधगिरी आणखी वाढली.

रेल्वेवरचा पूल जुना होतो तो काँक्रीटच्या वयाने, पाण्याने आणि वाढत्या भाराने. पावसाळी पाण्याचा निचरा करणारे पाइप तुंबले की पाणी स्लॅबमध्ये मुरते. आतील सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. प्रसरण सांध्यातून झिरपणारे पाणी थेट गर्डरच्या टोकावर आणि बेअरिंगवर उतरते. वर दरवर्षी डांबराचा नवा थर चढवला, पण जुना खरवडून काढला नाही, तर पुलाच्या अंगावरचा स्थिर भार वाढत जातो. वरून जाणाऱ्याला रस्ता गुळगुळीत दिसतो, दुखणे मात्र खालच्या बाजूला असते. ते पाहायचे तर रुळांवर उतरावे लागते आणि त्यासाठी रेल्वेची परवानगी लागते. महापालिकेचा अभियंता स्वतःच्या रस्त्याच्या पोटाखाली मनात येईल तेव्हा जाऊ शकत नाही. तपासणी लांबण्याचे हे एक साधे, पण महत्त्वाचे कारण आहे.

बंदीचा काळ : 2019 ची अनंत चतुर्दशी 12 सप्टेंबरला होती, तिसऱ्या दिवशी पूल बंद झाला. सर्व वाहतूक ठाकुर्ली पुलावर वळली. तो अरुंद असून त्याची पूर्वेकडील बाजू जोशी हायस्कूलच्या परिसरात, दाट वस्तीत उतरते. शाळा सुटण्याच्या वेळी रिक्षा, शाळेच्या बस आणि दुचाकी यांची रांग पुलावरच उभी राहू लागली. वाहतूक पोलिसांनी आजूबाजूचे रस्ते एकदिशा केले. रुग्णवाहिकेला पूर्वेकडून पश्चिमेला जाण्यासाठी लागणारा वेळ हा त्या दोन वर्षांतील खरा प्रश्न होता आणि कोणत्याही अंदाजपत्रकात तो खर्च म्हणून धरला जात नाही.

पुनर्बांधणी : 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागून लोकलची नेहमीची वाहतूक थांबली आणि जुना स्लॅब पाडण्याचे काम त्या काळात हाती घेता आले. एरवी असे काम मेगाब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या काही तास थांबवून, करावे लागते. मध्य रेल्वेचे उपनगरी जाळे 2016 पर्यंत 1,500 व्होल्ट डीसीवरून 25,000 व्होल्ट एसीवर गेले आहे. त्यामुळे ओव्हरहेड वायरमधील प्रवाह बंद केल्याशिवाय पुलाखाली हातोडाही चालवता येत नाही आणि तार व पुलाचा तळ यांतील अंतरही काटेकोर पाळावे लागते. ब्लॉक मिळाला की पहिला वेळ प्रवाह बंद करून तारेला अर्थिंग देण्यात आणि शेवटचा वेळ मार्ग सुरक्षित असल्याची खात्री करण्यात जातो. प्रत्यक्ष कामाला मधलाच काळ उरतो. जुना स्लॅब काढून नवे गर्डर बसवले गेले, त्यावर नवा स्लॅब व रस्ता झाला. 7 सप्टेंबर 2021 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे पुलाचे लोकार्पण केले. गणेश चतुर्थी त्यानंतर तीन दिवसांनी, 10 सप्टेंबरला होती. एका गणेशोत्सवानंतर बंद झालेला पूल एक उत्सव वगळून तिसऱ्याच्या तोंडावर उघडला.

निधीची घडण : पुनर्बांधणीचा खर्च रेल्वे आणि महापालिका यांनी वाटून घेतला. अशा पुलांच्या खर्चाची वाटणी साधारणपणे जागेच्या मालकीवरून ठरते. रुळांवरचा भाग रेल्वेच्या देखरेखीखाली होतो. दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते, त्यांसाठीचे भूसंपादन, दिवे आणि डांबरीकरण स्थानिक संस्थेकडे जाते. कामाची कागदपत्रे दोन, निविदा प्रक्रिया दोन आणि पैसे भरण्याची वेळापत्रकेही दोन. एका बाजूचे पैसे उशिरा आले तरी पूल दोन्ही बाजूंनी अडतो.

फाटकाच्या जागी नवा पूल बांधताना रेल्वे मोजणीचा आधार घेते. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची भारित संख्या यांचा गुणाकार केला जातो. तो एक लाखावर गेला की ते फाटक निम्म्या-निम्म्या खर्चाच्या योजनेत बसते. अशा कामांसाठी राज्य शासन व रेल्वे मंत्रालय यांच्या समान भागीदारीतील महारेल ही कंपनीही अलीकडच्या काळात उभी राहिली आहे.

महापालिकेचा स्वतःचा वाटा कोठून येतो, हे पाहणे आवश्यक आहे. एके काळी जकात हे रोख उत्पन्नाचे मोठे साधन होते. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटी रुपयांहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्याची जागा राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईने घेतली. म्हणजे शहरात व्यापार वाढला तरी त्याचा थेट लाभ शहराच्या तिजोरीत दिसत नाही. शहर राज्याकडून येणाऱ्या हप्त्यावर चालते. उरतात मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीच्या वेळी घेतले जाणारे विकास शुल्क. विकास शुल्काची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये आहे. इमारती वाढत असतील तोवर हे शुल्क येते. मंदी आली की आटते. रस्त्यांची झीज मात्र मंदीतही थांबत नाही.

विकास आराखड्यातील रस्त्याची जमीन मिळवण्यासाठी महापालिका रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देऊ शकते. त्यामुळे तिजोरीला तात्काळ झळ बसत नाही. पण तो टीडीआर दुसरीकडे वापरला जातो, तिथे वस्ती वाढते आणि त्या वस्तीची वाहने पुन्हा त्याच पुलावर येतात.

मोठ्या कामांसाठी महापालिका मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे पाहते. 1975 मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाचा पैसा बराचसा वांद्रे-कुर्ला संकुलातील भूखंडांतून उभा राहिला. राज्य रस्ते विकास महामंडळ, नगरोत्थान अभियान, जिल्हा नियोजन समिती, खासदार निधी (वर्षाला 5 कोटी रुपये) ही इतर दारे. 2015 च्या महापालिका निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शहरासाठी 6,500 कोटी रुपयांच्या पॅकेजची घोषणा केली होती. त्यातील किती कामे त्याच पॅकेजची मानायची, याबाबत राजकीय पक्षांत मतभेद आहेत.

परिसरातील इतर प्रकल्प : (1) पत्रीपूल, कल्याण. 1914 मधील हा पूल ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाला आणि 18 नोव्हेंबर 2018 रोजी मेगाब्लॉक घेऊन पाडला गेला. नव्या पुलाचा सुमारे 76 मीटर लांबीचा पोलादी गर्डर नोव्हेंबर 2020 मध्ये रुळांवरून आडवा सरकवून बसवण्यात आला. काम राज्य रस्ते विकास महामंडळाचे. 25 जानेवारी 2021 रोजी पूल खुला झाला. सप्टेंबर 2019 ते जानेवारी 2021 या काळात कल्याणचा पत्रीपूल आणि डोंबिवलीचा कोपर पूल एकाच वेळी बंद होते, ही या नियोजनातील सर्वांत गंभीर त्रुटी मानावी लागेल.

(2) मोठागाव–माणकोली पूल. महानगर प्राधिकरणाने उल्हास खाडीवर बांधलेला हा पूल 2024 मध्ये हलक्या वाहनांसाठी सुरू झाला. डोंबिवलीहून ठाण्याला जाण्यासाठी पूर्वी शिळफाटा किंवा कल्याण–भिवंडी असा वळसा पडे, तो टळला. मात्र पूल उतरल्यावर रेतीबंदर रस्त्यावर दिवा–वसई मार्गाचे फाटक लागते. खाडी ओलांडून आलेली गाडी मालगाडीसाठी थांबते. या फाटकावर उड्डाणपुलाचा प्रस्ताव आहे.

(3) बाह्यवळण रस्ता. हेदुटणे ते टिटवाळा असा सुमारे 30 किलोमीटरचा, महानगर प्राधिकरणाचा. काम टप्प्याटप्प्याने, काही टप्पे भूसंपादनात अडकलेले.

(4) कल्याण–शिळ रस्ता. रुंदीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. बाधित शेतकऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत.

27 गावे : 1983 मध्ये महापालिकेत आलेली शहरालगतची ही 27 गावे 2002 मध्ये वगळली गेली, 2015 मध्ये पुन्हा घेतली गेली. 2020 मध्ये त्यांपैकी 18 गावांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. या गावांतील रस्त्यांची जबाबदारी हद्दीबरोबर फिरत राहिली.

बससेवा : महापालिकेचा परिवहन उपक्रम आहे, पण पूर्व-पश्चिम प्रवासाचा मुख्य भार रिक्षांवर आहे.

पादचारी : स्थानकातील पादचारी पूल हाच बहुतेकांचा मार्ग. रस्त्याच्या पुलावरील पदपथाकडे नियोजनात फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

मूल्यमापन : कोपर पुलाच्या प्रकरणात पैसा मिळाला, तंत्रज्ञान उपलब्ध होते आणि दोन वर्षांत काम पूर्ण झाले. उणीव त्याआधीच्या चाळीस वर्षांत होती. नव्या पुलासाठी भूमिपूजन, अनुदान आणि लोकार्पण यांची रीत ठरलेली आहे. जुन्या पुलाचे पाइप साफ करणे, सांधे बदलणे, बेअरिंगची तपासणी करणे यांसाठी स्वतंत्र, कायमचा निधी राखून ठेवण्याची रीत नाही. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी काही वर्षांत संपतो आणि पुढे पूल पुन्हा दोन मालकांच्या मधोमध उभा राहतो. महापालिका आणि रेल्वे यांनी प्रत्येक पुलाची एकच संयुक्त नोंदवही ठेवावी, पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर एकत्र तपासणी करावी आणि ती नोंद नागरिकांसाठी खुली करावी. जवळचे दोन पूल एका वेळी बंद होणार नाहीत, अशी क्रमवारी आधीच ठरवावी. नवा कोपर पूल 2021 चा आहे; त्याच्या देखभालीचे घड्याळ त्याच दिवशी सुरू झाले आहे.