खराट्याचा दांडा कोणी ठरवला?

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. रात्री होम मैदान माणसांनी फुललेलं असतं आणि पहाटे तिथे उरतो तो कचरा. तो झाडायला येणाऱ्या बायांकडे कोणी बघत नाही. आम्ही एकदा मुद्दाम थांबून बघितलं, तेव्हा लक्ष गेलं ते त्यांच्या खराट्यांकडे. बऱ्याच जणींनी खराट्याला स्वतःच दांडा बांधला होता. कुणाचा बांबू, कुणाचा जुन्या पाइपचा तुकडा, सायकलच्या ट्यूबने आवळलेला. विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "दिला तसाच धरला, तर दुपारी कंबर सरळ होत न्हाई."

आपलं सोलापूर हे माप घेणारं शहर आहे. अंगभर पुरणारी चादर, टॉवेल, शाळेचे गणवेश, सगळं माणसाच्या अंगावरून ठरतं. वस्तू वापरणाऱ्याची गरज ओळखून ती घडवावी, हे आज डिझाइनच्या कॉलेजात मोठी फी घेऊन शिकवतात. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. वापरणारा म्हणून मोजतात कोणाला? खराटा विकत घेणारा एक, पसंत करणारा दुसरा आणि हातात धरणारी तिसरीच. या तिघांची जात एकच असते का, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन बघावं.

इतिहासात मागे जाऊ. 'जातिनिर्मूलन' या 1936 च्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतल्या पुण्याचा दाखला दिला आहे. अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू. मडकं थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून, झाडू पावलांचे ठसे पुसले जावेत म्हणून. वस्तू म्हणून याकडे बघा. ती अतिशय विचारपूर्वक योजलेली आहे. गरजही नीट ओळखली आहे, फक्त ती गरज बाळगणाऱ्याची नाही, त्याचा विटाळ मानणाऱ्याची आहे.

आता 1929 सालात या. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. एक लाख, आणि तेही 1929 चे! अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, उचलून नेता यावा, खेड्यातल्या साध्या झोपडीत चालावा. बाईला फार न थकता सलग आठ तास चालवता यावा. किंमत 150 रुपयांच्या आत असावी आणि तो वीस वर्षं टिकावा. आपल्याच महाराष्ट्रात, किर्लोस्करवाडीत, काळे नावाच्या तंत्रज्ञाने असा चरखा तयार केला. तो कसोटीला पूर्ण उतरला नाही आणि बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण त्या अटी लिहिणाऱ्यांना बाईचा थकवा दिसत होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

मग डोक्यावरच्या मैल्याच्या टोपलीसाठी एक लाखाचं बक्षीस का नव्हतं? ती टोपली गळत होती. ती वाहणारीही बाईच होती. तिच्यासाठी 1936 च्या नोव्हेंबरात गांधीजींनी 'हरिजन'मध्ये 'आदर्श भंगी' हा लेख लिहिला. संडास कसा बांधावा, कसा साफ करावा, याचं ज्ञान आदर्श भंग्याला असावं, अशी त्यात अपेक्षा आहे. म्हणजे चरखा सुधारायचा होता आणि भंगी 'आदर्श' व्हायचा होता! बाबासाहेबांचा रस्ता उलटा होता. 1945 च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती यासाठीच. यंत्राने माणसाला पशुवत कष्टातून सोडवावं आणि फुरसत द्यावी. घाणीच्या कामाला पुण्यकर्म म्हणणं त्यांना मान्य नव्हतं.

गांधीवाद्यांत अपवाद होते, ते सांगितलं नाही तर आम्ही खोटे ठरू. अप्पा पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडासाच्या रचनेवरच काम केलं. मैला हाताने उचलावाच लागू नये, ही दिशा बरोबर होती.

सरकारला जाग आली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबई सरकारने 1949 मध्ये बर्वे समिती नेमली. 1952 मध्ये तिचा अहवाल आला. पुढे केंद्राच्या मलकानी समितीने 1960 मध्ये अहवाल दिला. टोपली जावी, ढकलगाडी यावी, असा सगळ्याचा सूर. डोकं मोकळं होणार होतं, ही काही छोटी गोष्ट नाही. पण गाडी बोळात शिरते का, चढावर भरलेली गाडी बाईला ढकलता येते का, हे ढकलणारीला विचारायला हवं होतं. मुख्य म्हणजे गाडी बदलली तरी ढकलणारी जात तीच राहिली. कोरडे संडास बांधायला आणि मैला उचलायला माणसं लावायला बंदी घालणारा कायदा यायला 1993 उजाडलं, आणि पुन्हा 2013 मध्ये नवा कायदा करावा लागला.

इथे आमच्याच कार्यकर्त्यांत वाद होतो. चांगला खराटा मागायचा, की खराटाच टाकून द्यायचा? काही मित्र म्हणतात, दांडा लांब करून मागणं म्हणजे गुलामीला गादी मागणं. मुद्दा हलका नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घरात पगार राहतो, आणि खराटाही घरातच राहतो. तरीही आज सकाळी जी वाकली आहे तिची कंबर क्रांतीची वाट बघत थांबत नाही. म्हणून आम्ही दोन्ही मागतो.

कामगार स्वतः ठरवायला बसले की काय होतं, हे पुण्यात दिसलं. 1993 मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या या बायांत बहुसंख्य दलित. उघडे सॅनिटरी पॅड हाताला लागतात, हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या काढल्या. पॅड त्यात गुंडाळून टाकायचं, म्हणजे वेचणारीला न उघडता कळतं. कागद, दोरा आणि चिकी. एवढ्या साध्या गोष्टीला बोर्डरूम लागली नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात मात्र सफाईच्या बायांना मिळालेले हातमोजे एकाच मापाचे, पुरुषांच्या पंजाचे होते. बोटांची टोकं रिकामी लोंबायची, खराटा निसटायचा. बाया ते काढून ठेवायच्या. साहेब म्हणाले, "दिलं तरी वापरत नाहीत, यांना सवयच नाही." मग आम्ही एका रविवारी विहारात जुने पेपर पसरले. एकेकीने हात ठेवला, पोरींनी पेन्सिलने कडेने रेघ मारली. काहींची बोटं वाकडी झालेली, ती रेघही वाकडीच आली. ते पंजे कापून आम्ही अर्जाला जोडले. अर्जात दांड्याचीही मागणी लिहिली. सही करण्याआधी एका आजींनी थांबवलं आणि शेवटी एक ओळ वाढवायला लावली: नातीने बी.कॉम. केलंय, तिच्यासाठी मोजे नकोत, ऑफिसातली जागा कधी निघणार ते लेखी कळवावं.