सावरण्याचे माप

डोक्यास मार लागून इस्पितळात गेलेला माणूस घरी परतला की सारे गाव एकच प्रश्न विचारते : ‘बरा झाला का?’ जिंतूर वा गंगाखेडकडच्या एखाद्या घरात आईला किंवा बायकोला याचे उत्तर देणे फार जड जाते. माणूस चालतो, जेवतो. पण विनाकारण चिडतो, पैसे मोजताना चुकतो, बैल सोडून बांधावर बसून राहतो. त्याला बरा म्हणावे की नाही? वैद्यकशास्त्रालाही या प्रश्नाचे माप सापडून अजून फार वर्षे लोटलेली नाहीत.

१९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट या शल्यचिकित्सकांनी बेशुद्धी मोजण्याची पट्टी प्रसिद्ध केली. डोळे उघडतो का, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, एवढेच तीन प्रश्न. आज त्यांचे गुण ३ ते १५ असे धरतात. यंत्र लागत नाही, रात्रपाळीची परिचारिकाही ते टिपू शकते. (आमच्याकडच्या म्हाताऱ्याने महिना विचारल्यावर ‘आषाढ’ म्हटले, तर त्याचे गुण कापू नयेत!)

परंतु ही पट्टी पहिल्या दिवसांची. पुढच्या आयुष्यासाठी जेनेट यांनी मनोविकारतज्ज्ञ मायकेल बाँड यांच्यासह १९७५ साली दुसरी पट्टी मांडली. तिच्या पायऱ्या पाच : मृत्यू, वनस्पतिवत् अवस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा. लुळ्या हातापेक्षा बदललेला स्वभाव आणि ढळलेली स्मृती माणसाला समाजातून अधिक दूर नेतात, हे त्यांनी आवर्जून सांगितले. आमच्या मते त्यांचे खरे श्रेय हेच.

यातील दुसऱ्या पायरीचे नाव जेनेट व फ्रेड प्लम यांनी १९७२ सालीच दिले होते. पुढच्याच वर्षी, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. ही इजा अपघाती माराहून वेगळी खरी. पण तिचे मोजमाप त्याच पायऱ्यांवर झाले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी, त्या अवस्थेचे बहुतेक निकष लागू पडतात, असा अहवाल दिला. दयामरणाची याचिका मात्र ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला गेला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाला नव्हता. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. कुठल्याही पट्टीवर त्या परिचारिकांच्या सेवेला रकाना नाही. ‘वनस्पतिवत्’ या शब्दाने माणसाचे माणूसपण उणे होत नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली बजावले होते, त्याची येथे आठवण होते.

आता परभणीकडे वळू. औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, नांदेडचे १९८८ चे. परभणीला ते २०२३ साली आले. तोवर गंभीर रुग्ण बहुधा बाहेरच पाठवावा लागे. जीव वाचला की फाईल बंद होई. कायद्याचीही तीच तऱ्हा : १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, पण डोक्याची इजा त्यात नावाने नाही. हातपाय धड आणि बुद्धी भरकटलेली, अशा माणसाने ४० टक्क्यांचा दाखला मिळवायचा तो आजारपणाच्या दुसऱ्या एखाद्या नावाखाली.

ग्लासगोच्या पट्टीची १९९८ साली प्रश्नावली झाली. एकटा बाजारहाट करू शकतो का? गावात फिरू शकतो का? पूर्वीचे काम जमते का? घरात भांडणे वाढली का? बाजार एरवी सासूच करीत असली, तरी सुनेला तो करता येईल का, एवढेच पाहावे, अशीही त्यात सूचना आहे. मानवतच्या आठवडी बाजारालाही हे प्रश्न लागू पडतात. ते सहसा सहा महिन्यांनी विचारायचे असतात. पण जो सावरला तो शेतात गुंतलेला असतो, आणि जो सावरला नाही त्याला एस.टी.त बसवून आणणार कोण? दोघेही येत नाहीत आणि नोंदवहीतला रकाना कोराच राहतो. वास्तविक ही प्रश्नावली दूरध्वनीवरूनही विचारता येते, आणि आता तर सोनपेठकडच्या वस्त्यांवरही फोन पोहोचला आहे.