बॅनरवरचं ‘ही’

सफाई कामगारांच्या मोर्चासाठी आम्ही रात्री वस्तीत कापडी बॅनर रंगवत बसलो होतो. एका पोरानं लिहिलं, ‘आम्हीही माणसंच आहोत’. दुसरा म्हणाला, ते ‘ही’ काढ. पहिला म्हणाला, काढून असा काय फरक पडतो? वाद वाढला, चहा निवला, रंग वाळला. मला त्या रात्री नीट उत्तर देता आलं नाही. उत्तर शोधत गेलो तो थेट काळ्यांच्या लढ्यापर्यंत पोचलो. यात नवल नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीच मुळी काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

सुरुवात मात्र लंडनची, १७८७ ची. गुलामांचा व्यापार बंद पाडायला तिथं एक मंडळ निघालं. त्यातला जोसाया वेजवुड हा भांड्यांचा मोठा कारखानदार. त्यानं एक बिल्ला काढला. त्यावर काळा माणूस, साखळदंडात, गुडघा टेकलेला, हात जोडलेले. भोवती शब्द : ‘मी माणूस आणि भाऊ नाही का?’ बिल्ला इतका गाजला की श्रीमंत बायका तो बांगडीत, केसांच्या पिनेत बसवून मिरवू लागल्या. पुढं १८३० च्या सुमारास बाईचाही निघाला : ‘मी स्त्री आणि बहीण नाही का?’ तीही गुडघ्यावरच.

बिल्ला फुकट गेला असं मी म्हणणार नाही. १८०७ ला ब्रिटननं व्यापार बंद केला, १८३३ ला गुलामगिरी उठवणारा कायदा झाला. पण वाक्याचा सूर बघा. प्रश्न आहे. उत्तर द्यायचं कुणी? मालकानं. तो ‘हो’ म्हणेल तेव्हा तू माणूस! आणि भरपाई मिळाली तीही मालकांनाच, दोन कोटी पौंड. ज्यांच्या पाठी फुटल्या त्यांना छदाम नाही.

आता या मेम्फिसला. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, टेनेसी राज्यातलं शहर. कचरा उचलणारे जवळजवळ सगळे काळे. गळकी पिंपं डोक्याखांद्यावर वाहायची, घाण अंगावर ओघळायची. पगार असा की दिवसभर राबूनही कित्येकांना सरकारी मदतीवर घर चालवावं लागे. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस आला. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर कचरागाडीच्या पेटीत आडोशाला शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं. दोघं चिरडून मेले. १२ तारखेला सुमारे १३०० कामगार संपावर गेले. महापौर हेन्री लोब म्हणाला, संप बेकायदा आहे.

२८ मार्चच्या मोर्चात त्यांच्या हातात पाट्या होत्या : ‘आय ॲम अ मॅन’. ‘ॲम’खाली रेघ. बस्स. पगाराचा आकडा नाही, युनियनचं नाव नाही, मेलेल्या दोघांचा उल्लेख नाही. आपण मराठीत ‘मी माणूस आहे’ म्हणतो तेव्हा त्यातलं अर्धं सांडतं. तिथं साठ वर्षांच्या काळ्या म्हाताऱ्यालाही गोरं पोरगं ‘बॉय’ म्हणे. हे ‘मॅन’ त्या ‘बॉय’ला उत्तर आहे. ज्याच्या आज्याला गावातली शेंबडी पोरं ‘ए गण्या’ म्हणून हाकारत, त्याला हे फोडून सांगायला नको.

बिल्ला आणि पाटी यांत १८१ वर्षं. प्रश्नचिन्ह गेलं, गुडघा उठला. आणि ‘भाऊ’ गळला. मला हेच मोठं वाटतं. नातं जोडायची घाई नाही, आधी माणूस.

त्या दिवशी अश्रुधूर सुटला, पोलिसांच्या गोळीनं सोळा वर्षांचा एक पोरगा मेला. दुसऱ्या दिवशी कामगार त्याच पाट्या गळ्यात अडकवून संगिनींच्या रांगेसमोरून ओळीनं गेले. ४ एप्रिलला याच शहरात मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. १६ एप्रिलला तडजोड झाली. युनियन मान्य, पगारवाढ मान्य.

सूर चढा ठेवला तर काय होतं? १६ जून १९६६, मिसिसिपीतलं ग्रीनवूड. तुरुंगातून सुटून आलेल्या स्टोकली कारमायकेलनं ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली. गोऱ्यांना धमकी ऐकू आली. किंगना संताप पटत होता, शब्दांची निवड पटली नाही. त्याच वर्षी ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली, आणि तिचं नाव घेऊन १९७२ ला मुंबईत आपली. घोषणेचा अर्थ ऐकणाराही ठरवतो, खरं आहे. पण म्हणून त्याला झेपेल तेवढंच बोलायचं का?

२०१३ साली ट्रेव्हॉन मार्टिन या काळ्या पोराला मारणारा निर्दोष सुटला, तेव्हा अ‍ॅलिशिया गार्झा, पॅट्रिस कलर्स, ओपल टोमेटी या तिघींनी शब्द दिले : ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’. लगेच उलट घोषणा, ‘ऑल लाइव्ह्ज मॅटर’. सगळ्यांचेच जीव मोलाचे! (आपल्याकडची ‘जात कशाला काढता’वाली मंडळी आठवली.) काही भल्या माणसांनी सुचवलं, शेवटी एक ‘टू’ जोडा, गैरसमज मिटेल. हेच ते आपलं ‘ही’. काळ्यांचेही. चळवळीनं ते जोडलं नाही. २०२० मध्ये हे शब्द वॉशिंग्टनला व्हाइट हाउसजवळच्या रस्त्यावर पिवळ्या रंगात रंगवले गेले. मार्च २०२५ मध्ये ते उखडायला यंत्रं आली. ‘टू’ असतं तर राहिले असते, असं मला वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, महाडला २५ डिसेंबर १९२७ च्या भाषणात बाबासाहेबांनीही ‘ही’ वापरलंच की! वापरलं. इतरांसारखे आपणही माणूस आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचं, असंच ते बोलले. पण २० मार्चला त्याच तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. अर्ज घेऊन कुणी गेलं नव्हतं. ओंजळीत पाणी असताना म्हटलेलं ‘ही’ वेगळं, हात जोडून म्हटलेलं वेगळं.

आमचा बॅनर ‘ही’सकटच मोर्चात गेला. दुसरं कापड घ्यायला पैसे नव्हते. त्या दोघा पोरांना हे पान वाचायला द्यायचं आहे, पुढच्या मोर्चाच्या आधी.